नऊ पॉइंट दोन

लॅबच्या कपाटात जुन्या बॅचची एकोणीस जर्नलं, म्हणजे प्रयोगवह्या, होती. अठरांना खाकी पुठ्ठा होता, एकाला पुठ्ठाही नव्हता आणि पहिलं पानही. सगळ्यांत प्रयोग क्रमांक सात होता: विभागाच्या नळाच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे पाणी किती जड आहे ते काढणं. ब्युरेटमधलं, म्हणजे खुणांच्या उभ्या नळीतलं, ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं, फ्लास्कमधल्या पाण्याचा डाळिंबी रंग निळा झाला की थांबायचं, आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. असं तीनदा. एकोणीसच्या एकोणीस जर्नलांत उत्तर नऊ ते साडेनऊच्या मध्ये होतं.

मला तीसच्या वर येत होतं.

"झालं मोजून?" उत्तममामांनी विचारलं. ते स्टुलावर बसून डिस्टिल्ड वॉटरच्या बॉयलरमधला पांढरा थर जुन्या चाकूने खरवडत होते.

"एकोणीस, मामा."

"विसावं वाळवीनं खाल्लं. मीच टाकलं उचलून."

उत्तममामा आमच्या रसायनशास्त्र विभागाचे लॅब अटेंडंट. सव्वीस वर्षं याच लॅबमध्ये. तो शनिवार होता, दुपारचे अडीच वाजले होते आणि मामांनी केवळ माझ्यासाठी लॅब उघडी ठेवली होती. शुक्रवारी एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती. परीक्षेला बसायला जर्नलातल्या बाराही प्रयोगांवर सरांची सही लागायची. माझ्या अकरांवर होती.

त्याला आता सात वर्षं झाली.

प्रयोग सात मी त्या शनिवारच्या तीन आठवडे आधीच केला होता. ३०.६, ३०.४, ३०.६. कुलथे सरांनी पान बघितलं आणि जर्नल मिटून परत दिलं.

"नऊ पॉइंट दोन यायला पाहिजे, इंगोले. पुन्हा कर."

पुन्हा केला. तेच आलं. ईडीटीए ताजं बनवलं, तपासून घेतलं, पुन्हा केला. तेच आलं. सर म्हणाले, "त्या आकड्याची मला खात्री आहे. कशी आहे ते विचारू नकोस. तुझं कुठंतरी चुकतंय."

कुठं चुकतंय ते शोधायलाच मी कपाट उघडलं होतं. जर्नलं वर्षांप्रमाणे लावून मी प्रत्येकातली तीन-तीन रीडिंगं एका कागदावर उतरवली. तिसऱ्या रकान्यापर्यंत आल्यावर मला काहीतरी दिसलं. पण ते काय आहे हे लगेच कळलं नाही, म्हणून मी कागद तसाच घडी करून ओढणीच्या गाठीत बांधला आणि मामांकडे वळले.

"हे दर महिन्याला खरवडावं लागतं?"

"महिन्याला? दर पंधरा दिवसांनी. नाहीतर कॉइल जळते." मामांनी चाकूच्या टोकावरची खपली मला दाखवली. नखाएवढी जाड होती. "पूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एकदा खरवडलं की वर्ष निघायचं."

"पूर्वी म्हणजे?"

"धरणाचं पाणी होतं तेव्हा. मग खाली नवीन होस्टेलं झाली, पाणी टेकडीवर चढेना. सायन्सच्या इमारतीला मागं बोअर मारून दिलं."

"कुठल्या साली, मामा?"

"माझी धाकटी दहावीला होती." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दोन हजार सात."

सोमवारी सकाळी मी हे कुलथे सरांना सांगितलं. सर पन्नाशीच्या आतबाहेरचे, बारीक, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. शिकवायचे चांगलं. फळ्यावर समीकरण लिहिताना सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ मारायची त्यांची सवय होती आणि वर्गातली निम्मी मुलं त्यांचं बघून तसाच सात काढायला लागली होती.

"मामा आता ॲनालिटिकल केमिस्ट्री शिकवणार का?" सर म्हणाले.

"सर, बोअरचं पाणी तिप्पट जड असू शकतं."

"असू शकतं. आणि मग गेली नऊ वर्षं दर बॅचला नऊ पॉइंट दोन कसं येतं?"

मी हातातलं जर्नल त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बोल ना. उत्तर आहे तुझ्याकडे, तोंडावर दिसतंय. तू म्हणतेस तसं असेल, तर नऊ वर्षं सगळ्या मुलांनी आकडा उतरवला आणि नऊ वर्षं मी न बघता सह्या केल्या."

"मी तसं म्हटलं नाही, सर."

"म्हटलंस. न बोलता म्हटलंस." त्यांनी माझं जर्नल टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "दुपारपर्यंत सगळ्यांची जर्नलं आली पाहिजेत. नऊ पॉइंट दोन असेल तर सही मिळेल. नसेल तर ऑक्टोबरला बस."

ऑक्टोबरला बसायचं म्हणजे वर्ष गेलं. हे मी खोलीवर येऊन फिरदोसला सांगितलं. फिरदोस शेख माझी रूममेट आणि लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरची. मूळची परभणीची, हाताने अतिशय सफाईदार. तिच्या अक्षराची आणि माझ्या अक्षराची आम्ही पैज लावून नक्कल करायचो.

"एक आकडा आहे गं," ती म्हणाली. "लिहून टाक आणि विषय संपव."

"मला तो आला नाही."

"कुणाला आलाय? सिनिअरच्या जर्नलातून सगळे उतरवतात. ब्युरेटमधलं नऊ पॉइंट दोन बेसिनमध्ये सोडायचं, म्हणजे कुणी बघितलं तरी बरोबर दिसतं. एवढं शिकायला लोक फी भरतात."

"म्हणजे तूसुद्धा?"

"तुझे बाबा डेपोत टायरची हवा तपासतात, म्हणून तुझ्यात एवढी हवा."

बाबा एस.टी. डेपोत खरंच टायरची हवा तपासायचे. गेज दाखवेल तो आकडा वहीत लिहायचे, मग ड्रायव्हर कितीही ओरडो. फिरदोसला हे मीच कधीतरी कौतुकाने सांगितलेलं.

"ऑक्टोबर तर ऑक्टोबर," मी म्हटलं आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं. वर्गाची जर्नलं सरांकडे पोचवायचं काम त्या आठवड्यात फिरदोसकडे होतं. दुपारी ती माझंही जर्नल घेऊन गेली. मी अडवलं नाही. अकरा सह्यांचं जर्नल तरी जमा होईल, एवढाच विचार केला.

मंगळवारी सकाळी जर्नलं परत आली. माझं उघडलं. प्रयोग सातच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ९.२, ९.२, ९.२. खाली सरांची सही, तारखेसकट. पहिल्या, म्हणजे प्रमाणपत्राच्या पानावरही सही होती. परीक्षेला बसायला आणखी काही लागत नव्हतं.

पानावरून बोट फिरवलं. कडा जाड लागल्या. माझ्या पानावर दुसरं पान डिंकाने चिकटवलं होतं. डिंक अजून पुरता वाळलेला नव्हता.

फिरदोस आरशासमोर केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, "आभार मानू नकोस. चहा पाज."

मी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं.

"ए. काय करतेस?"

"कापतेय."

"त्यावर सही आहे, इंगोले."

"माहीत आहे."

मी पट्टी ठेवली आणि डिंकाच्या रेषेच्या आतून चारी बाजूंनी पान कापलं. खालचं माझं पान निघालं, ३०.६, ३०.४, ३०.६. कडेला डिंकाची चौकट राहिली, फोटोफ्रेमसारखी.

फिरदोसच्या हातात कंगवा तसाच राहिला. मग तो तिने पलंगावर टाकला.

"मी दोन तास बसून तुझं अक्षर काढलं. दोन तास. पकडले गेले असते तर माझंही वर्ष गेलं असतं. कळतंय तुला?"

"मी सांगितलं नव्हतं."

"नाही, तू कशाला सांगशील? तू फक्त खरी. आणि आता हे घेऊन तू सरांकडे जाणार. मग सर म्हणणार, एकीला तीस आलं तर बाकी तेवीस जणांना नऊ कसं आलं? एका आकड्यासाठी तू तेवीस जणांना चोर ठरवणार आणि त्यात पहिली मी."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"नाव घ्यायची गरज काय? तुझ्यासारखं अक्षर काढणारी या होस्टेलात दुसरी कोण आहे?" ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मला काय रीडिंग आलं होतं, हे कधी विचारलंस?"

"काय आलं होतं?"

तिने दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून ती शेजारच्या खोलीत जेवायला आणि अभ्यासाला बसू लागली. झोपायला आमच्या खोलीत यायची, पण भिंतीकडे तोंड करून.

संध्याकाळपर्यंत वर्गात कळलं. मेसमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. बुधवारी सकाळी एकजण ताट घेऊन जाता जाता म्हणाला, "काय मॅडम, आमटीचाही हार्डनेस काढून ठेवा." दोन-तीन जण हसले. मी आमटी संपवली आणि कुलथे सरांच्या केबिनकडे गेले. हातात तीन वस्तू होत्या: माझं जर्नल, कापलेलं पान आणि कपाटातलं ते बिनपुठ्ठ्याचं जर्नल.

पान टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"सर, यावर तुमची सही आहे. पण हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?"

"ते मी सांगणार नाही."

सरांनी पान उचललं, आधी अक्षर बघितलं, मग सही. "सही झालेलं पान कापलंस तू?"

"हो. चिकटवलेलं होतं, सर. तुम्ही सही केलीत तेव्हा कडा ओल्या असणार."

अंगठ्याने त्यांनी पानाची कड चाचपली.

"शुक्रवारी तुला बसता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"मग काय मिळवलंस?"

"माझ्या नावाच्या जर्नलात मला आलेला आकडा राहिला, सर. परीक्षा ऑक्टोबरला देईन. तेव्हाही हेच पाणी असेल, तेव्हाही हाच आकडा लिहीन. तेव्हाही सही नसेल तर पुढच्या एप्रिलला येईन."

"उद्धटपणा आहे हा."

"असेल, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता बाहेर जा म्हणतील. म्हणून मी घाईने ओढणीची गाठ सोडली आणि शनिवारचा कागद त्यांच्यापुढे पसरला.

"कपाटात एकोणीस जर्नलं आहेत. आठ दोन हजार सातच्या आधीची, अकरा नंतरची. नंतरच्या अकरांत तिन्ही वेळा नऊ पॉइंट दोन. तेहतीस रीडिंगं, सगळी सारखी. आधीच्या आठांत एकालाही तिन्ही सारखी आलेली नाहीत. ९.१, ९.३, ९.२. ९.३, ९.१, ९.१. अशी." मी बिनपुठ्ठ्याचं जर्नल उघडून पुढे केलं. "हे सगळ्यांत जुनं. याला ९.०, ९.४, ९.२ आलं. खाली टीप आहे: दुसऱ्या वेळी एक-दोन थेंब जास्त पडले, तरी रीडिंग ठेवले आहे. सर, या माणसाने खराब आलेलंसुद्धा लिहिलंय. हाताने केलेलं काम तीनदा एकसारखं येत नाही. एकोणिसांत माझा सगळ्यांत जास्त विश्वास याच्यावर आहे."

सरांनी चष्मा लावला. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. निळी शाई फिकट झाली होती. पानाच्या कोपऱ्यात प्रयोग क्रमांकाचा 7 होता, मधून आडवी रेघ मारलेला. मी ते पान शनिवारपासून दहा वेळा बघितलं होतं. ती रेघ मला त्या क्षणी दिसली.

"याचं पहिलं पान नाही," सर म्हणाले.

"नव्हतंच, सर."

"नसणार. इथल्या नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र म्हणून मीच फाडून जोडलं होतं." त्यांनी जर्नल मिटलं. "ब्याण्णव साल. चल."

लॅबमध्ये उत्तममामांनी सरांना ब्युरेटपाशी उभं बघितलं आणि बॉयलर खरवडणं थांबवलं. सरांनी नळ पाच मिनिटं वाहू दिला. ब्युरेट धुतली, ईडीटीएने दोनदा खंगाळली, टोकातला हवेचा बुडबुडा काढला. पन्नास मिलिलिटर पाणी पिपेटने मोजून फ्लास्कमध्ये घेतलं. बफर, इंडिकेटर. पाणी डाळिंबी झालं. कितीतरी वर्षांत त्यांनी हे स्वतःच्या हाताने केलं नसावं, पण हात चुकत नव्हता. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत.

नऊला त्यांनी थेंब मंद केले. नऊ पॉइंट दोनला तोटी बंद केली.

पाणी डाळिंबी होतं.

त्यांनी फ्लास्क पांढऱ्या फरशीसमोर धरला, उजेडाकडे धरला, पुन्हा खाली आणला. मामा खोकले. सरांनी तोटी उघडली. पंधरा. वीस. पंचवीस. तीसच्या जवळ पाणी जांभळट झालं, तेव्हा ते एकेक थेंब सोडायला लागले. शेवटच्या थेंबाला निळं झालं. सर गुडघ्यात वाकले, डोळा रेषेच्या बरोबरीला आणला.

"तू वाच."

मी वाकले. "तीस पॉइंट सहा."

"मला पाच दिसतंय."

"मग तुम्ही पाच लिहा, सर."

"लिहितो," ते म्हणाले. माझ्या पानाखाली डिंकाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं: तपासणी, ३०.५. मग सही केली. सहीखाली तारीख घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकी तेवीस जर्नलांवर मी सही करून बसलोय. ती परत मागवली तर परवा तेवीस जणांची परीक्षा अडते."

"मागवू नका, सर. त्यांना एक दिवस द्या."

"उद्या नऊ ते एक लॅब उघडी राहील. नोटीस लावतो. कारण लिहिणार नाही. ज्याला यायचं तो येईल."

नोटीस लागली. गुरुवारी मी नऊला लॅबमध्ये जाऊन बसले. का बसले ते मला नीट सांगता आलं नसतं. सही मिळाली होती, माझं काम संपलं होतं. साडेनऊला दोन मुलं दारातून डोकावली, मला बघितलं आणि गेली. मामांनी चहा दिला. दहा वाजले, अकरा वाजले. मी सगळ्या टेबलांवरच्या ब्युरेटी धुऊन उलट्या लावून ठेवल्या, चोवीस. पावणेबाराला मामा म्हणाले, "ताई, जेवून तर या."

बारा वाजून दहा मिनिटांनी फिरदोस आली. केस ओले होते. जर्नल छातीशी धरलं होतं. ती माझ्या टेबलापाशी आली नाही, स्वतःच्या टेबलाकडे गेली.

"ब्लेड आहे?" तिने विचारलं. दोन दिवसांनंतरचे तिचे पहिले शब्द.

मी दिलं. तिने पट्टी मागितली नाही. सही असलेलं पान तिने शिवणीपासून कापलं, सरळ, एका रेषेत, आणि घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"तेव्हा मला एकतीस आलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझाच हात वाईट. म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"तुझा हात वाईट?"

"तू गप्प बस. माझा राग गेलेला नाही."

"बरं."

"चहा राहिलाय तुझ्याकडे एक."

"लक्षात आहे."

तिने ब्युरेट भरली. मी माझं जर्नल उघडं ठेवून तिच्या टेबलाकडे थोडं सरकवलं. तिने ते बघितलं आणि डाव्या हाताने मिटून टाकलं. मग नळ सोडला, पाच मिनिटं वाहू दिला, पन्नास मिलिलिटर मोजून घेतलं. पाणी डाळिंबी झालं. ती फ्लास्क फिरवत राहिली. मामा बॉयलरमागून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. नऊच्या पुढे गेलं, वीसच्या पुढे गेलं. शेवटचे थेंब तिने इतके सावकाश सोडले की प्रत्येक थेंब पडताना दिसत होता.

निळं झालं. ती वाकली, एक डोळा मिटला, पुन्हा दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि पेन उघडून कोऱ्या पानावर लिहिलं.

३०.७.